पोर्चीनीची जागा, लाल रुमाल आणि इतर सामानाबद्दल

चि. फेर्मो, चि. झीता आणि सूनबाई मारिलेना यांस,

फेर्मो, तुझी कंबर कशी आहे? सफरचंदाच्या पेट्या अजून एकट्यानंच उचलतोस का? झीता, खाणावळीच्या धुरानं लागलेला तुझा खोकला गेला का? सूनबाई, मनगटाला अस्वलाची चरबी चोळ म्हटलं होतं, चोळलीस का? नसेल मिळाली तर लोणी चोळ, वास तरी बरा येतो. आणि तुमच्या कुत्र्याचा मागचा पाय? माझं म्हणाल तर डोकं जाग्यावर आहे, गुडघा नाही. नोटरीसाहेब म्हणाले, मृत्युपत्रात डोक्याचं लिहा, गुडघ्याचं कायदा विचारत नाही. पण या कागदातलं सगळं गुडघ्यावरच अडलंय, म्हणून दोन्ही लिहिलं.

तर मी, एर्मेलिंदा, कै. प्रीमो राव्हिस्कोनी यांची विधवा, वय वर्षं एक्क्याऐंशी, धंदा स्वयंपाक व अळंबी, शिक्षण चौथीपर्यंत आणि पुढचं चुलीपाशी, राहणार प्रादेल्लो वाडी, वाल्तेलिना, राजीखुशीनं, अक्कलहुशारीनं, कुणाच्याही दडपणाखाली नसताना, स्वतःच्या हातानं हे मृत्युपत्र लिहून ठेवते. यापूर्वी मी रागाच्या भरात एक लिहिलं होतं, त्यात सगळं मांजराला दिलं होतं. ते रद्द समजावं. मांजर वारलं.

कलम पहिलं. घर दोघांना निम्मं निम्मं. वरच्या खोल्या कशाही वाटून घ्या, पण स्वयंपाकघरात मधून भिंत घालायची नाही. चूल एकच आहे, ती कुठल्या बाजूला जाणार?

कलम दुसरं. पोस्टातल्या पैशातून माझी माती करावी. बँड लावावा, पण पोलाद्यांच्या घरातला तो म्हातारा तुतारीवाला नको. माझ्या लग्नात त्यानं अर्ध्यातच दम सोडला होता. उरलेलं निम्मं निम्मं.

कलम तिसरं. पीठ मळायचा पाट, लाटणं आणि पट्ट्या कापायची रुंद सुरी मी सूनबाई मारिलेनाला देते. झीता, भुवया खाली घे. कारण सांगते.

गेल्याच्या गेल्या साली द्राक्षं उतरवून झाल्यावर माझ्याकडे जेवण होतं. पित्सोक्केरी झीतानं केली होती. फेर्मोनं पहिला घास घेतला आणि काटा खाली ठेवला.

“आई, यात अळंबी कुणी घातली?”

“मी,” झीता म्हणाली. “तोंड आहे तर खा, नाहीतर ऊठ.”

“कुट्टूच्या पट्ट्या, कोबी, बटाटा, चीज, लोणी. संपलं! पित्सोक्केरीत अळंबी म्हणजे एका मांडवात दुसरी नवरी!”

“आणि तुझ्या घरी पाकिटातून येतात त्या पट्ट्या? ती कुठली, भाड्यानं आणलेली नवरी?”

मारिलेनाचा घास तोंडाशीच थांबला. फेर्मो गावच्या ‘जुनी चव राखा’ मंडळाचा अध्यक्ष. अध्यक्षाच्या घरी पाकीट! तो उठला, टोपी समजून माझं चहादाणीवरचं टोपरं डोक्यावर घातलं आणि तसाच वाडीभर गेला.

तेव्हापासून रविवारी फेर्मो दुपारी येतो आणि झीता संध्याकाळी. दोघंही म्हणतात, “आई, तू जेवल्याशिवाय मी जेवणार नाही.” मी दोनदा जेवते. वजन वाढलं, गुडघा गेला. म्हणजे माझा गुडघा तुमच्या भांडणानं खाल्ला. डॉक्टरांना विचारा.

त्या जेवणानंतर एके दिवशी मारिलेना एकटीच आली. दारातच म्हणाली, “आई, मला मळायला शिकवा. मनगट दुखतं म्हणून पाकीट आणत होते, आळस म्हणून नाही.” मी म्हटलं, “मनगटानं कोण मळतं, वेडे? खांद्यानं मळायचं.” शिकली. दोन वाट्या कुट्टूचं पीठ, एक वाटी गव्हाचं, कोमट पाणी. कुट्टूला चिकटपणा नाही, गहू त्याला धरून ठेवतो. माझा प्रीमो म्हणायचा, आपल्या घरात कुट्टू मी आणि गहू तू. उलटं होतं, पण मेलेल्या माणसाशी वाद नको. पाट म्हणूनच तिला.

कलम चौथं. पित्सोक्केरीत अळंबी चालते की नाही, याचा निकाल. बटाटा आणि सुरकुत्या पानांचा कोबी आधी उकळायला टाकायचा, पट्ट्या नंतर. अळंबी वेगळ्या तव्यावर, मोठ्या आचेवर, पाणी न सुटू देता. मग परातीत एक थर पट्ट्यांचा, एक कासेरा चीजचा, वर अळंबी, असं रचत जायचं, आणि शेवटी लसूण व सेजच्या पानांचं तपकिरी लोणी ओतायचं. लोण्याचा चर्र आवाज आला नाही तर पाहुण्यांची माफी मागून पुन्हा तापवायचं.

फेर्मो, गेल्या नाताळात तू तीनदा वाढून घेतलंस. परात पुसून म्हणालास, “आई, याला म्हणतात जुनी चव! मंडळाला खाऊ घातली पाहिजे.” ती मारिलेनानं केली होती, आणि त्या लोण्यात मूठभर वाळवलेल्या पोर्चीनी अळंबीची पूड होती. निकाल लागला. अपील नाही.

कलम पाचवं. माझा लाल रुमाल शेजारच्या बोर्तोलोला. चीज बनवणारा हा भला माणूस दर सप्टेंबरात दुर्बीण घेऊन माझ्या मागावर असतो. “वहिनी, फिरायला निघालात?” “हो भावोजी, हवा खायला.” “टोपली घेऊन?” “हवा ठेवायला.” तो मागे आहे हे कळलं की मी रुमाल पूर्वेकडच्या बीच जातीच्या झाडाला बांधायची आणि पश्चिमेनं वर चढायची. भावोजी, तुम्ही कितीतरी पहाटा त्या रुमालाची राखण केलीत. आता तो तुमचाच.

कलम सहावं, आणि हेच खरं मृत्युपत्र. पोर्चीनीची जागा.

ही जागा मला सासूनं दिली, स्वतःच्या मुलाला नाही. पण दिली ती मरता मरता. तोंड वाकडं झालेलं, कानाशी म्हणाली, “मोठ्या दगडाच्या पुढं.” आमच्या डोंगरावर दगड मोठेच आहेत. दोन शरद ऋतू मी नुसती हिंडले तेव्हा सापडली. प्रीमोलासुद्धा मी सांगितलं नाही. शेवटच्या आजारात म्हणाला, “एर्मे, आता तरी सांग, मी कुणाला सांगणार?” मी म्हटलं, “वर चालला आहेस ना, वरून दिसेल की.” हसत हसत गेला बिचारा.

ती जागा या कागदात मी लिहीत नाही. कागद नोटरीसाहेबांच्या कपाटात राहणार, आणि नोटरीसाहेबांच्या बुटांना सप्टेंबरात कसली माती असते हे मला ठाऊक आहे. मरतानाही सांगणार नाही, सासूचा अनुभव पुरे. ती दाखवावीच लागते. आणि वर जायला आता मला दोन खांदे हवेत. उतार असा आहे की एका माणसाच्या आधारानं चढलं तर दोघंही खाली. फेर्मो माझ्या उजव्या हाताला, झीता डाव्या हाताला. टोपली मारिलेनाकडे. पायवाट अरुंद आहे, भांडायला जागा नाही. तिघंही आलात तर जागा तिघांची. एकटं कुणी आलं तर दाखवणार नाही, आणि मग ती माझ्याबरोबर मातीत. खाली आल्यावर एकाच परातीतून जेवायचं. मी एकदाच जेवणार आहे, हे लक्षात ठेवा.

हातानं लिहिलं की साक्षीदार लागत नाहीत, असं नोटरीसाहेब म्हणतात. कायद्याला लागत नसतील, मला लागतात. चार माणसांत बोललेलं पोरं मोडत नाहीत.

सही: एर्मेलिंदा राव्हिस्कोनी
प्रादेल्लो, २८ ऑगस्ट २०१८

साक्षीदार पहिले: पाद्री गाउदेन्त्सियो. (वाचून सही केली. जागा मला कबुलीजबाबातही कळलेली नाही, हे देवासमक्ष सांगतो. विचारून पाहिली होती.)

साक्षीदार दुसरे: बोर्तोलो फान्तोनी. (वाचून सही केली. वहिनी, रुमालाबद्दल आपण बोलू. परातीसाठी कासेरा माझ्याकडून.)

ता. क. या कागदाची एकेक नक्कल तिघांनाही आजच पाठवते आहे, मी गेल्यावर वाचायला नाही. काल रात्री पाऊस झाला, आज ऊन आहे. म्हणजे आठवड्याभरात वर अळंबीच्या टोप्या फुटतील. काठी दाराशी काढून ठेवली आहे, चुलीत लाकडं भरली आहेत, आणि खुर्च्या चार मांडल्या आहेत. येता की नाही ते लवकर लिहा. तिघांनी एकाच कागदावर लिहिलंत, तर तेवढं तिकीट वाचेल.