तुंब्याजवळची माझी जागा

लिहून ठेवतो मी, बाउदिलिओ चिग्वाय, वय वर्षे चोवीस, मूळ राहणार लेमुय बेट, सध्या लगुना सेका इस्टेटीवर मेंढरांच्या कामाला, की माझं डोकं ठिकाणावर आहे, मी प्यालेलो नाही, आणि हा कागद कोणी दमदाटी करून लिहून घेत नाही. बिघाड आहे तो पोटात. उजव्या फासळीखाली पाण्याची गाठ धरली आहे आणि ती कापून काढायला मला पुन्ता आरेनासच्या दवाखान्यात जायचं आहे. बाहेर ट्रकवर लोकरीच्या गाठी चढवताहेत. त्या चढल्या की वर माझी एक. डॉक्टर म्हणाले, बहुतेक माणसं यातून उठतात. त्या ‘बहुतेक’साठी हे मृत्युपत्र.

शाळेत मी फार गेलो नाही. बटाटे काढायचे दिवस आले की आई न्यायला यायची, आणि आमच्या बेटावर बटाटे काढायचे दिवस सारखे येतात. म्हणून अक्षर असं आहे. कायद्याची भाषा आमचे आचारी डॉन आरिस्तिदेस कार्कामो सांगताहेत. त्यांनी अशी मृत्युपत्रं पुष्कळ पाहिली आहेत. ते म्हणतात, “इकडचं तिकडचं लिहू नकोस. कलमं लिही.” मी म्हटलं, “काका, इकडचं तिकडचं हीच तर माझी मिळकत.”

कलम पहिले. स्थावर. लेमुयवरच्या घरातला माझा हिस्सा थोरला भाऊ एर्मिंदो यास द्यावा. घर पाण्याच्या फार जवळ आलं आहे, म्हणजे पाणीच घराजवळ आलं आहे, आणि एर्मिंदोला ते वर चर्चच्या अंगाला न्यायचं आहे. आमच्याकडे घर मोडून नेत नाहीत. खाली ओंडके सारतात, बैल जुंपतात, सगळा गाव दोराला लागतो आणि अख्खं घर ओढत नेतो, मग घरवाल्याने सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. मी दरवेळी निरोप धाडला की थांबा, माझा हात लागल्याशिवाय घर हलवायचं नाही. आणि गेलो मात्र नाही. दर वसंतात वाटायचं, अजून एक इस्टेट बघू, मग जाऊ. तर आता थांबू नका. ओढा. ओढताना आईला आत चुलीपाशीच बसायचं आहे. पडशील बिडशील म्हणून तिला खाली उतरवू नका. घर चालतं तेव्हा आतून कसं वाटतं, हे तिला एकदा बघायचं आहे.

कलम दुसरे. जंगम. माझा पोंचो आणि बूट ज्याला बसतील त्याने घ्यावेत. हातकातर लोहाराला द्यायची होती, पण काका म्हणतात की साक्षीदाराला काही देता येत नाही, आणि लोहार साक्षीदार आहे. काकाही साक्षीदार आहेत. म्हणून त्यांच्या नावे फक्त एवढंच लिहितो की त्यांच्या रश्श्यात मीठ कमी असतं आणि हे इस्टेटीवर सगळ्यांना ठाऊक आहे.

“हे लिहिलंस?”

“लिहिलं.”

“खोड ते.”

“मृत्युपत्रात खाडाखोड चालत नाही. तुम्हीच म्हणालात.”

कलम तिसरे. कुत्री पुल्गा. डॉक्टर म्हणाले, मेंढराची कच्ची आतडी खाल्लेलं कुत्रं माणसाला चाटतं, त्यातून ही गाठ होते. तेव्हापासून इस्टेटीवर सगळे पुल्गाकडे ती खुनी असल्यासारखं बघताहेत. तिला कोणीही जबाबदार धरू नये. आतडी तिने मागितली नव्हती, आणि चाटली ती माया म्हणून. ती माझे हिवाळ्यातले जोडीदार डॉन फिनले मॅकॉले यांच्याकडे राहील. तिला मांस उकळून द्यावं, मॅनेजरसाहेबांकडचं जंतांचं औषध पाजावं, आणि चाटायला आली तर तोंड बाजूला करावं, पण लाथ घालू नये.

काका म्हणतात, कुत्री ही मालमत्ता, तिच्या मायेचा उल्लेख कायद्यात बसत नाही. राहू दे.

कलम चौथे, आणि या कागदाचं खरं कारण.

पलीकडच्या खोऱ्यात इस्टेटीचं खोपटं आहे. हिवाळ्यात, म्हणजे जून लागला की, तिथल्या कळपावर दोन माणसं ठेवायची असतात. बर्फ पडलं की वाट बंद होते, ती थेट वसंतापर्यंत. तिथे डॉन फिनले आणि मी राहतो. फिनले हे स्कॉटलंडकडच्या कुठल्याशा बेटावरचे, पन्नाशी उलटलेले, डाव्या कानाने बहिरे. आमच्या बोलीत ‘फिन’ म्हणजे शेवट, म्हणून मजूर त्यांना बघून म्हणायचे, “चला रे, शेवट आला.” मी यायच्या आधी बरेच हिवाळे ते त्या खोपटात एकटे होते. मॅनेजरसाहेबांना ते सोयीचं होतं, एका पगारात काम भागायचं. त्यांच्याही आधी जो एकटा राहिला, तो वसंतात खाली उतरला तेव्हा कोणी हाक मारली की दाराआड लपायचा. त्याला घरी धाडावं लागलं.

फिनले कोणात मिसळत नाहीत, त्यांना गोरेपणाचा ताठा आहे, असं मलाही सांगितलं होतं. कातरणीच्या दिवसांत आम्ही सगळे शेकोटीभोवती बसतो, येर्ब्याचा, म्हणजे आमच्या कडू चहाचा, तुंबा फिरतो. एकाने भरायचा, दुसऱ्याने नळीने ओढून रिकामा परत द्यायचा, मग पुढच्याचा. फिनले म्हणे एकच तुंबा प्यायचे आणि गप्प बसून राहायचे. पुढे पुढे यायचेच बंद झाले. आमच्यातल्याच नोलास्को रेमोल्कोयने त्यांचं नाव ‘लाटसाहेब’ ठेवलं.

पहिल्या हिवाळ्यात खोपटात आम्ही दोघेच. मी तुंबा भरून द्यायचो, ते प्यायचे, म्हणायचे “ग्रासियास”, आणि मी तुंबा बाजूला ठेवून द्यायचो. मग ते त्या किटलीकडे असे बघत बसायचे की पुल्गासुद्धा हाडकाकडे तशी बघत नाही. शेवटी एके दुपारी मला राहवलं नाही.

“डॉन फिनले, आवडत नाही तर रोज घेता कशाला?”

“आवडत नाही? कोण म्हणाला आवडत नाही? तू देत नाही!”

“मी देत नाही? तुम्हीच रोज ग्रासियास म्हणता!”

“म्हणणार! आईने शिकवलं! कोणी दिलं तर म्हणायचं!”

मी तर कपाळच धरलं. अहो, तुंब्यापाशी ग्रासियास म्हणजे आभार नव्हेत. पुरे झालं, आता माझ्यापर्यंत आणू नका, मी उठलो, असा त्याचा अर्थ. रिकामा तुंबा गप्प परत द्यायचा, म्हणजे तो पुन्हा येतो. आमच्या पोरांनाही हे कळतं, म्हणून कोणी कोणाला सांगत नाही. आणि हा माणूस वर्षानुवर्षं पहिल्याच घोटाला सगळ्यांना सांगत आला की मला तुम्ही नकोत. मजूर म्हणत, शिष्ट आहे. तो समजे, आपल्याला वगळताहेत.

मी सांगितलं तेव्हा त्यांनी चांगला कान पुढे केला आणि मला पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाले, “सगळे मला वगळत होते ते... मीच सांगितलं म्हणून?”

“हो.”

“कोणी सांगितलं का नाही?”

“तुम्ही विचारलं का नाही?”

ते हसायला लागले. हसता हसता उठून दार उघडून बाहेर गेले, डोळे पुसून आले आणि वाऱ्यावर खापर फोडलं. मग बसले आणि हात पुढे केला. त्या दुपारी आम्ही किटली रिकामी केली, परत भरली, परत रिकामी केली. त्यांच्या बेटावरही बटाटे आणि पाऊस, आमच्याही बेटावर बटाटे आणि पाऊस. त्यांच्या आईचे नि माझ्या आईचे मासे खारवायचे प्रकार जवळपास सारखेच निघाले. तेव्हापासून त्यांनी तो शब्द काढलेला नाही. मीठ पुढे सरकवलं तरी काढत नाहीत, उगीच धोका नको म्हणून.

मी कुठल्याही इस्टेटीवर दुसरा हिवाळा काढत नसे. लगुना सेकावर काढला. तिसरा काढणार होतो.

आता मॅनेजरसाहेब म्हणताहेत, फिनले पूर्वी एकटा राहिलाच होता, परत राहील. पूर्वी त्याला एकटेपणाची सवय होती. ती मी मोडली. म्हणून त्या खोपटातली माझी झोपायची फळी, शेकोटीच्या उजव्या बाजूची, म्हणजे फिनलेंच्या चांगल्या कानाची जागा, हीसुद्धा मी या कागदाने देणार आहे. काका म्हणतात, जागा तुझ्या मालकीची नाही. मी म्हटलं, मग कोणाच्या? त्यावर त्यांनी पळीने रस्सा ढवळला.

कलम पाचवे. माझा घोडा आणि वर लिहिलेली जागा, दोन्ही मिळून, एकावाचून दुसरं नाही, या अटीवर नोलास्को रेमोल्कोय यास द्यावं.

नोलास्कोशी माझं वाकडं आहे, ते इथे नोंदवतो. मी कुठे टिकत नाही म्हणून तो मला सगळ्यांसमोर “पावणा” म्हणतो. माझा हा घोडा न विचारता नाचाला घेऊन गेला आणि फेसाळलेला आणून बांधला. आणि लाटसाहेब हे नाव त्याचंच. पण त्याचं तोंड मिटत नाही. झोपेतसुद्धा बोलतो. त्या खोऱ्यात बर्फ पडल्यावर हाच गुण कामाला येतो, म्हणून मी त्याला आत बोलावून हे कलम वाचून दाखवलं.

“मला नको तुझा घोडा,” तो म्हणाला. “चावतो.”

“तुला चावला, कारण विचारलं नव्हतंस.”

“आणि तू काही मरत नाहीस, पावण्या. देवाकडे तरी टिकशील का? परत पाठवेल तो.”

“हो म्हण नाहीतर नाही म्हण. ट्रक भरत आलाय.”

तो दारातून बाहेर बघत राहिला. फिनले पुल्गाला दोरीने धरून ट्रकजवळ उभे होते. त्यांना वाटतंय मी आईला पत्र लिहितोय.

“त्या म्हाताऱ्याशी बोलायचं काय पण?”

“तू बोल. तो ऐकेल. उजव्या बाजूला बस म्हणजे झालं.”

“त्याने ग्रासियास म्हटलं तर?”

त्याला ती गोष्ट माहीत होती. कातरणीच्या वेळी मीच सगळ्यांना सांगितली होती, आणि ऐकून सगळ्यात मोठ्याने तोच हसला होता.

“म्हणाला तरी भरून दे.”

“एक हिवाळा,” नोलास्को म्हणाला. “आणि तू परत आलास तर?”

“परत आलो तर घोडा माझा, फळी माझी. तू जमिनीवर झोप.”

“बघा काका, मेल्यावर देतोय आणि जिवंतपणी काढून घेतोय,” असं म्हणत तो गेला. जाऊन फिनलेंच्या डाव्या बाजूला उभा राहिला आणि बोलायला लागला. मग थांबला, वळसा घालून उजव्या बाजूला आला. हे मी खिडकीतून पाहिलं. नोलास्कोवरचे माझे सगळे राग या कलमाने रद्द, घोड्याचा सोडून.

कलम सहावे आणि शेवटचे. मला पुन्ता आरेनासला पुरावं, इथवर आणण्याचा खटाटोप करू नये. कोणी काही लिहिलेली फळी लावणार असेल तर नाव आणि बेट पुरे. ज्यांनी मला कधी काही दिलं त्यांचे आभार या कागदात कुठेही मानलेले नाहीत. ते विसरून राहिलेलं नाही. ते मुद्दाम आहे, आणि तुंब्याभोवती बसलेल्या कोणालाही त्याचा अर्थ कळेल.

वर लिहिलेलं सगळं वाचून, मान्य करून, स्वतःच्या हाताने सही करतो.

बाउदिलिओ चिग्वाय
लगुना सेका इस्टेट, स्वयंपाकघर
९ मार्च १९५४

आम्ही खाली सह्या करणारे साक्षीदार लिहून देतो की वरील सही आमच्यासमोर झाली. सही झाल्यावर डॉन फिनले मॅकॉले किटली घेऊन आत आले आणि त्यांनी स्वतः तुंबा भरून बाउदिलिओच्या हातात दिला. त्याने तो ओढून रिकामा केला, परत दिला आणि ट्रकवर जाऊन बसला. तो काही बोलला नाही. हे आम्ही दोघांनी पाहिलं आणि ऐकलं.

आरिस्तिदेस कार्कामो, आचारी
सेगिस्मुंदो ओयार्सो, लोहार (डाव्या अंगठ्याचा ठसा)