मीठगडचा न मरणारा राजा

ठाणे,
१९ ऑगस्ट १९९८

चि. सुधीर,

अनेक आशीर्वाद. डोंबिवलीच्या घरात खिडकीखाली मी तांदूळ निवडत बसले होते आणि तू त्या खेळाचं जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन माझ्यासमोर उभा होतास, आठवतं? आतून हरी सांगत होता, आईला पिडू नकोस. तू मात्र हटेना. “काकू, एवढं एकच वाक्य.” एक वाक्य म्हणता म्हणता मी अख्खं पुस्तक तुम्हाला मराठीत सांगितलं. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांना कळलं असतं, की त्यांनी घोटून घेतलेलं इंग्रजी मी राक्षस कसे मारायचे ते सांगायला वापरतेय, तर त्यांनी मला या वयातही बाकावर उभं केलं असतं. जिवावर बेतलं की फासा टाकायची जी शेवटची संधी मिळते, तिला मी ‘वाचवणारं दान’ म्हटलं होतं. तुझ्या नव्या पुस्तकात इंग्रजी मजकुराच्या मधोमध तो शब्द तसाच ठेवलायस. बरं वाटलं.

पार्सल मिळून बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. मार्चपासून मी इथे सरोजकडे आहे. पोट जरा त्रास देतं, एकटीला जमेना, म्हणून बहिणीच्या हक्कानं तीच येऊन घेऊन गेली. डोंबिवलीचं घर बंद आहे. तुमच्याबरोबर खेळणारा चंदू मात्र रविवार चुकवत नाही. आता त्याच्या स्वतःच्या दोन बोटी आहेत, पोट सुटलंय, आणि बायकोच्या धाकात असतो. तुझी पानं मी त्याला वाचून दाखवली.

तू दोन गोष्टी मागितल्यास. मीठगड कसं सुरू झालं ते प्रस्तावनेसाठी, आणि नवं मीठगड जुन्याशी कितपत इमान राखतंय याबद्दल माझं मत.

पहिलं सोपं आहे. बोटीवर असलेल्या माझ्या भावानं हरीसाठी परदेशातून एक खोकं आणलं. चौऱ्याऐंशी साल असेल. खेळ म्हणावा तर त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. चित्रविचित्र फासे आणि पुस्तक, बस. एकानं जग सांगायचं, बाकीच्यांनी त्यात एकेक माणूस होऊन राहायचं. पुस्तकातलं जग बर्फाचं आणि किल्ल्यांचं होतं. हरी म्हणाला, बर्फ आपण फ्रीजमध्येसुद्धा धड पाहिलेला नाही. मग त्यानं मिठागरं आणली, खाडी आणली, चंदूनं कोळ्यांची राणी आणली, आणि मीठगड झालं. भरती-ओहोटी पुस्तकात नव्हती. तीही चंदूचीच. खाडी ओलांडायची असेल तर आधी ‘चाललो’ म्हणायचं, मग हरीनं भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या दिवसाची तिथी बघायची. पुनव-अवसेला उधाण. उधाण येणार की नाही, ते फाशावर नसे.

नव्या पुस्तकात तू भरतीही फाशावर टाकलीस. चंदू म्हणाला, “का रे बाबा, अमेरिकेत चंद्र उगवत नाय काय?” मग स्वतःच म्हणाला, “जाऊ द्या काकू, त्या पोरांना तिथी कोण सांगणार.” मलाही ते पटलं. तू मीठगड शंभर वर्षं पुढे नेलंस, मिठागरं बुजवून तिथे शहर उठवलंस, राणीच्या पणतीला गादीवर बसवलंस. त्याबद्दल माझी तक्रार नाही. आमच्या घरामागे भातखाचरं होती, तिथे आता सात मजली इमारती आहेत, तरी आम्ही त्याला डोंबिवलीच म्हणतो.

अडलं ते दोन ठिकाणी. पहिलं, तू खेळायचास त्या सारंगाचं.

सत्त्याऐंशीचा जानेवारी सरत आला होता. चंदू लग्नाला कळव्याला गेला होता. तुझा सारंग खाडीत उतरला, हरीनं कॅलेंडर बघितलं, पौर्णिमा. उधाण आलं. तुझं वाचवणारं दानही फुकट गेलं आणि सारंग बुडाला. तेवढ्यात मी स्वयंपाकघरातून विचारलं, आज पौर्णिमा कशी, माझा तर एकादशीचा उपास आहे. मग उमगलं. कॅलेंडर गेल्या वर्षीचं होतं. पहिल्या पानावर देवीचं सुंदर चित्र होतं, म्हणून मीच ते पान वर काढून खिळ्यावर ठेवलं होतं. चंदू असता तर तारीख ऐकूनच त्यानं सांगितलं असतं.

तू म्हणालास, चूक झाली, सारंगाला परत काढ. हरी म्हणाला, पाणी आलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. तू चप्पल घालून निघून गेलास. पुढच्या रविवारी आलास तो सारंगाची विधवा बहीण होऊन. त्या बाईइतकं जीव लावून तू कोणालाच खेळला नाहीस.

तू निघून गेल्यावर हरी जेवला नाही, हे तुला ठाऊक नसेल. मी म्हटलं, एवढं वाईट वाटतंय तर कर की त्याला जिवंत, तुझंच तर जग आहे. तो म्हणाला, “मग पुढच्या वेळी कोणी घाबरणार नाही गं. आणि कोणी कोणाचा हातही धरून ठेवणार नाही.”

नव्या पुस्तकात तू सारंगाला निळा कंदील देऊन पाण्यातून वर आणलंस. अकरा वर्षांनी का होईना, जिंकलास.

आता दुसरं. ते लिहायचं म्हणून तीनदा कागद घेतला आणि ठेवून दिला.

नव्या पुस्तकातला गढीवरचा तो राजा. शंभर वर्षं लोटली तरी एकवीस वर्षांचा. डाव्या गालावर खळी, बोलताना चष्मा वर सारतो, हसू आलं की आधी खाली बघतो. त्याच्यावर कोणतंही दान चालत नाही, तो मरत नाही, असं तू लिहिलंस. नाव बदललंयस, पण आईला नाव कशाला लागतं?

दुपारी सरोजचा डोळा लागला की मी ती पानं काढते. मनात येतं, कुठल्याशा परक्या गावात एखादी मुलगी विचारेल, राजा, खाडी कशी ओलांडू, आणि टेबलाशी बसलेलं कोणीतरी खाली बघून हसेल आणि उत्तर देईल. एवढं तरी असू दे, असं वाटतं. तू हे माझ्यासाठी केलंस हे मला कळतं, सुधीर. दुसऱ्या कोणाला सुचलं नसतं.

पण अठ्ठ्याऐंशीत तू तिकडे गेलास त्यानंतरचं एक तुला सांगायचं राहिलंय. हॉस्पिटलच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. रक्ताचा रिपोर्ट आला होता. मी त्याला म्हणत होते, अदलाबदल होते रे, दुसऱ्या कोणाचा असेल, आपण पुन्हा रक्त देऊ. बराच वेळ त्यानं मला बोलू दिलं. मग म्हणाला, “आई, पाणी आलंय. आता कॅलेंडर बदलून काय होणार?” आणि माझा हात धरून ठेवला.

त्यानं तुला वाचवलं नाही, आणि तू त्याचा सगळ्यात जवळचा होतास. मग त्याच्याच मीठगडात त्याला एकट्याला आपण कसं वाचवायचं? गावं बदल, नावं बदल, भरती फाशावर टाक. मेलेला परत येत नाही, एवढं सोडू नकोस. ते गेलं तर नकाशा तेवढा मीठगडचा राहील. सारंगाला पाण्यात राहू दे. राजाला काढ. गढी रिकामी ठेव आणि ती कोणाची होती ते लोकांना नीट आठवत नाही, असं लिही. शंभर वर्षांत तसंच होतं.

डिसेंबरात येतोस म्हणतोस. माझ्यासाठी म्हणून तिकीट काढू नकोस. डॉक्टर दिवाळीचंही बोलत नाहीत, आणि मी विचारत नाही. सरोज देवाला नवस बोलतेय, तिला बोलू देते.

म्हणून आताच सांगून ठेवते. हरीनं रंगवलेला मोठा नकाशा तुझा. चंदू तो नळीत घालून पाठवील. त्याचे फासे चंदूच्या मुलीला, शेवंतीला. नऊ वर्षांची आहे, खोटं खेळत नाही. जुनं इंग्रजी पुस्तक चंदूला. त्याला ते वाचता येत नाही, पण त्यानं मागितलंय. पुस्तकावर हरीचं नाव घालायला माझी संमती आहे, ती सही करून सोबत जोडली आहे. राजा असेल तर मात्र ती नाही, असं समज.

तुझी बाकीची पानं खुणा करून परत पाठवते. राजाची चार पानं त्यात नसतील. ती माझ्या उशाशी आहेत. माझ्याबरोबर ठेवायची, असं सरोजला सांगितलंय. कशाची आहेत ते तिला माहीत नाही, तू सांगू नकोस.

सुखी राहा.

तुझी,
सुमतीकाकू