टिटवीचं आगाऊ शोककाव्य

७ एप्रिल
आजपासून रोज पहाटे उठून शहरातले पशुपक्षी बघायचे आणि रोज एक कविता. धाराशिवच्या निसर्गाकडं अजून कुणाचं नीट लक्ष गेलेलं नाही. माझं जाणार. आज उठेपर्यंत नऊ वाजले. तो भाग वेगळा.

८ एप्रिल
साडेआठला उठलो. सुधारणा आहे. गच्चीवर एक खार, साळुंक्यांची जोडी, एक सरडा. आजची कविता मोठ्यानं म्हटली. सरड्यानं मान हलवली. गावात रसिक आहेत.
चंद्रप्रभा खालून ओरडली, अहो, नळाला पाणी आलंय, भरा, नाहीतर आठवडाभर सरड्याकडं मागा. कवीच्या बायकोनं असं बोलू नये. पाणी तिनंच भरलं.

११ एप्रिल
मोठी घटना! समोरच्या मोकळ्या प्लॉटमध्ये टिटवीनं अंडी घातली. चार. खड्यांत खड्यांसारखीच दिसतात. प्लॉट हमिदाबींचा. जन्म भाड्याच्या घरात गेला त्यांचा. मुलगा आयुब मोबाईल दुरुस्त करतो, त्यानं आता बांधकाम काढलंय. पावसाच्या आत पाया आणि भिंती उरकायच्यात. परवा जेसीबी येणार. म्हणजे अंडी चिरडणार!
अंगावर काटा आला. ताबडतोब खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

१२ एप्रिल
शोककाव्य पूर्ण. नाव ‘भग्न कवच’. ‘यंत्राच्या दातांत अडकली एक किंकाळी’ या ओळीला माझं मलाच रडू आलं. पुढच्या महिन्यात तुळजापूरच्या कविसंमेलनात हीच.
चंद्रप्रभा म्हणाली, अहो, पण अंडी अजून शाबूत आहेत. जाऊन हमिदाबींना सांगा तरी. म्हटलं, कवीनं साक्षी असावं, मध्ये पडू नये. ती चपला घालून कुठंतरी गेली.

१३ एप्रिल
जेसीबी आला. मी खिडकीत, चष्मा पुसून तयार. आणि हमिदाबी हात वर करून यंत्रापुढं उभ्या! चंद्रप्रभानं काल जाऊन सांगितलं होतं. मला न विचारता.
आयुब चिडला. अम्मी, पुन्हा नंबर कधी लागंल? पावसात पाया कसा खणायचा?
त्या म्हणाल्या, तिचं बी घरच हाय की रं. तिनं आधी बांधलंय.
जेसीबी रिकामा परत गेला. लोक भावनेच्या भरात फार घाई करतात.

१९ एप्रिल
हमिदाबींनी अंड्यांभोवती दगडांचं कडं केलं. परातीत पाणी ठेवलं. स्वतः कडुलिंबाखाली काठी घेऊन बसतात, कुत्री हाकलायला. मला हे कृत्रिम वाटतं. निसर्गाला निसर्गाचं काम करू द्यावं.
शोककाव्यात कुत्र्यांचं एक कडवं लिहून ठेवलं. हाताशी असावं.

२४ एप्रिल
जवळून निरीक्षण करायला गेलो. टिटवी किंचाळत आली आणि थेट माझ्या टकलाला घासून गेली. मग पुन्हा आली. संवेदनशील माणूस पाखरांना बरोबर ओळखू येतो. मी जरा वेगानं परतलो, त्यात एक चप्पल तिथंच राहिली. हमिदाबींनी आणून दिली. म्हणाल्या, नारायणराव, लांबूनच बघा, लई घाबरती ती. घाम मला आला होता, पण तो उन्हाचा.

४ मे
ऊन मरणाचं. अंडी अजून धडधाकट. संमेलन येत्या रविवारी.
सकाळी एक कुत्रं प्लॉटकडं जाताना दिसलं. मी हाकललं नाही. तटस्थता. वही उघडून बसलो. हमिदाबी काठी घेऊन धावल्या. या वयात एवढं धावू नये.

११ मे, तुळजापूर
कविता वाचली. किंकाळीच्या ओळीला आवाज कापरा झाला, डोळे भरले. पुढच्या रांगेत एक बाई पदरानं डोळे टिपत होत्या. आयुष्यात ज्याची वाट बघितली तो क्षण.
तेवढ्यात मागून मिनाज उठली. हमिदाबींची लेक, इथल्याच शाळेत शिकवते. म्हणाली, नारायणकाका, ही आमच्या प्लॉटातलीच टिटवी ना? मग रडू नका. पिल्लं आज सकाळीच अंड्यांतनं बाहेर आली, चारीच्या चारी. अम्मीनं व्हिडिओ धाडलाय.
मोबाईल हातोहात फिरला. पदरवाल्या बाईंनी तर दोनदा बघितला. अध्यक्षांनी समारोपात पिल्लांचं अभिनंदन केलं. माझा उल्लेख राहून गेला, वेळेअभावी.

१२ मे
पिल्लांवर कविता करायचं ठरवलं. उठून गेलो तर प्लॉट रिकामा. आईमागं भल्या पहाटेच शेतांकडं चालत गेली म्हणे. चंद्रप्रभानं बघितली. हमिदाबींनी बघितली. आयुबनंसुद्धा, दुकान उशिरा उघडून. कशी दिसत होती, असं चंद्रप्रभाला विचारलं. म्हणाली, पाय फुटलेल्या कापसासारखी. ओळ बरी आहे. पण तिची आहे.

१ जून
हमिदाबींच्या घराची पायाभरणी. जेसीबी अखेर मिळाला, आभाळ भरून आलंय, आयुबची पळापळ चाललीय. आम्हाला आग्रहाचं बोलावणं होतं. मला पुढची खुर्ची. हमिदाबींनी तामलवाडीच्या पाहुण्यांना माझी ओळख करून दिली. म्हणाल्या, हे आमचे शेजारी, लई मोठ्या मनाचे. आमची पाखरं जित्ती असतानाच त्यांच्यासाठी रडले. आता आम्हाला मरायची काळजी न्हाय.
सगळे हसले. मीही हसलो. उभा राहून हात जोडले, चार शब्दांत आभार मानले आणि गोड भात पुन्हा वाढून घेतला.
अर्थ घरी येताना चंद्रप्रभानं सांगितला.