आभाळात दोन सारखे पतंग

९ जानेवारी
फोटोग्राफीच्या क्लासमध्ये शटर स्पीड. काही कळलं, बरंचसं डोक्यावरून गेलं. परमारसर रोज तेच म्हणतात, "बेन, पहेलां लाइट जुओ, पछी कॅमेरो." आधी उजेड बघा म्हणे. मी आधी बटणं बघते. इतकी वर्षं गोरव्याच्या कंपनीत डिस्पॅच सांभाळतेय, तिथली सवय. बटण दाबायचं, मग बघायचं काय होतंय ते.

नाव मु.ने घातलं. मुग्धा, दादाची लेक, माझी भाची. "आत्या, संध्याकाळी एकटी बसून टीव्हीशी भांडतेस, त्यापेक्षा हे शीक." कॅमेराही तिनंच निवडला. घरी येताना कमाटीबागेत थांबून माकडांचे फोटो काढले. सगळी माकडं हललेली. माझा हातही.

१४ जानेवारी, उत्तरायण
दिवसभर दांडिया बाजारला, दादाच्या गच्चीवर. उंधियू, जिलेबी, चिक्की, कानाचे पडदे फाटेपर्यंत भोंगे. वहिनी म्हणाली, सगळे नटलेच आहेत तर एक फॅमिली फोटो होऊन जाऊ दे. आईला खुर्चीत बसवलं. बाकी सगळे मागे.

ट्रायपॉड लावला, टायमर लावला. पहिल्यांदा मी पोचेपर्यंत फोटो निघून गेला, फोटोत माझी पाठ. दुसऱ्यांदा साडीत पाय अडकला. मी म्हटलं, राहू दे, मी काढते, तुम्ही उभे राहा. तर मु.ने येऊन हाताला धरून ओढलं आणि आईच्या शेजारी मधोमध उभं केलं. "तुझ्याशिवाय कसली फॅमिली गं?" आईच्या खांद्यावर हात ठेवला तेवढ्यात खट.

आत्ता स्क्रीनवर पाहिला. सुरेख आलाय. उजेड तिरपा, मागे आभाळभर पतंग. मी हसतेय, आणि चक्क बरी दिसतेय. माझे फोटो मला कधी आवडत नाहीत. हा आवडला.

२ फेब्रुवारी
मु. आली होती. तिला एडिटिंग शिकायचंय. मी कालपरवा शिकले ते लगेच तिला शिकवायला बसले, उथळ पाण्याला खळखळाट फार. पण पोरीचा हात चांगला. लेयर म्हणजे काय ते तिला एका झटक्यात कळलं, मला दोन तास लागले होते.

क्लोन दाखवलं. फोटोतला एक तुकडा उचलायचा आणि नको त्या वस्तूवर रंगवायचा, वस्तू गायब. तिनं गच्चीवरच्या फोटोतली केबलची वायर काढली, टाकीचा पाइप काढला. मी सांगितलं, उचलायची जागा सारखी बदलत राहा. नाहीतर एकच गोष्ट दोनदा उमटते आणि चोरी पकडली जाते. हसली. जाताना मूळ फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन गेली, सरावाला.

माझं लग्न मोडून मी बडोद्याला परत आले तेव्हा ही पाळण्यात होती. पुढे शाळा सुटली की आधी माझ्याकडे, मग घरी. वहिनी तेव्हा चिडायची. दोन घरांतली मुलगी म्हणायचे सगळे.

१ मार्च
मु.साठी स्थळं बघायला सुरुवात. वहिनीचा फोन, साडीतले फोटो हवेत, तूच काढ, स्टुडिओवाले पोरींना बाहुल्या करून टाकतात. सकाळी लवकर कमाटीबागेत गेलो. अ‍ॅपर्चर उघडं ठेवलं, मागची झाडं विरघळली, हिचा चेहरा तेवढा लख्ख. सरांना दाखवले तर "सरस, बहु सरस" म्हणाले. सर उठसूट सरस म्हणत नाहीत.

संध्याकाळी वहिनी म्हणाली, थोडी उजळ कर ना. मी नाही म्हटलं. लग्नानंतर काय चेहऱ्यावर लेयर लावून फिरणार आहे ती? वहिनीनं तोंड वाकडं केलं. मु. मात्र म्हणाली, "आत्याचं बरोबर आहे. जे आहे ते दिसू दे." फार बरं वाटलं. आपलं म्हणणं घरात कुणीतरी घेतंय.

२२ मार्च


जोशीबाई माझ्याबरोबर क्लासला येतात, वाघोडिया रोडला राहतात. दुपारी त्यांचा मेसेज. 'ही तुमचीच भाची ना? आमच्या वधूवर ग्रुपवर आलीय. फॅमिली फोटो काय झकास! तुम्ही काढलात का?' खाली फोटो. उत्तरायणाचा. दादा, वहिनी, मु., खुर्चीत आई.

मी नाही.

आधी वाटलं दुसरा फोटो असेल, मी टायमर लावत होते तेव्हाचा. पण आईची मान तशीच किंचित माझ्याकडे वळलेली. वळलेली कुणाकडे, तर कठड्याकडे. माझ्या जागी कठडा, आभाळ, पतंग. आईच्या खांद्यावर नुसता पदर. माझा हात काढून तिथे जरीचा काठ नीट पुढे नेलाय.

जोशीबाईंना काय उत्तर देऊ? अंगठा पाठवला.

२३ मार्च
कंपनीत गेले नाही. फोटो लॅपटॉपवर घेऊन मोठा करून बघत बसले. म्हटलं वहिनीनं रावपुऱ्यात कुठल्यातरी स्टुडिओत करून घेतलं असेल. वहिनीला मी कधी आवडलेच नाही, तिच्याकडून अपेक्षाही नव्हती. पण स्टुडिओवाला घाईत असतो. कापतो, चिकटवतो, कडा दिसतात. इथे कडा नाहीत. जरीच्या काठावर एकेक धागा जुळवलाय. कुणीतरी मन लावून, वेळ घालून मला पुसलंय.

आणि एक हिरवा पतंग, कोपरा फाटलेला. तो दादाच्या डोक्याजवळ आहे. तोच, तसाच फाटलेला, मी होते तिथेही आहे.

मूळ फाइल माझ्याकडे, आणि फक्त मु.कडे.

पाणी प्यायले. फसवलं मला. दुसरा शब्द नाही. वहिनीनं केलं असतं तर भांडून मोकळी झाले असते, हिच्याशी भांडायचं कसं तेच मला माहीत नाही. कधी वेळच आली नाही.

२४ मार्च
दादाला फोन केला. आधी म्हणाला कुठला फोटो. मग म्हणाला, "शुभी, मनाला लावून घेऊ नकोस. तात्पुरतं आहे." मी तात्पुरती नाहीये म्हटलं. म्हणाला, पुण्याहून स्थळ आलंय, तिकडची माणसं जुन्या वळणाची असतात, आत्या घरी परत आलेली म्हटलं की पहिल्याच भेटीत शंभर प्रश्न, एकदा जमलं की सांगूच की. कधी सांगणार? तर म्हणे, मुलीचं भलं तुलाही हवंय ना?

हा प्रश्न विचारून दादानं आयुष्यभर माझं तोंड बंद केलंय. आधी आईचं भलं, मग घराचं भलं, आता मुलीचं.

आईशी बोलले. तिला माहीत होतं. "मला दाखवला होता. मी म्हटलं, तुम्हाला योग्य वाटेल ते करा." मग म्हणाली, "तुझी साडी छान होती गं त्यात." मी फोन ठेवून दिला. आईवर रागावता येत नाही म्हणून तो राग सगळा भांड्यांवर.

२९ मार्च
मु. आली. मी बोलावलं नव्हतं. दार उघडलं, चहा टाकला, सवयीनं तिच्या आवडीचं आलं जास्त घातलं आणि स्वतःचाच संताप आला.

लॅपटॉप उघडून फोटो तिच्यासमोर ठेवला. तू केलंस? मानेनंच हो म्हणाली. का? रडायला लागली. मी पाणी दिलं नाही. म्हणाली, बाबा दुकानातून करून घेणार होते. "तो माणूस कसाही कापतो गं. तुझा अर्धा हात आजीच्या खांद्यावर राहिला असता. मी निदान नीट केलं."

निदान नीट केलं.

म्हणजे हिला असं वाटतं की हिनं माझ्यावर उपकार केलेत. आणि भयंकर हे, की तिला खरंच तसं वाटतं, ती खोटं बोलत नव्हती. मी विचारलं, नाही म्हणता आलं नसतं? तर म्हणे, तुला माहितेय ना घरी कसं असतं. मला माहितेय. म्हणून तर मी वेगळी राहते.

"जे आहे ते दिसू दे म्हणाली होतीस."
"ते माझ्या रंगाबद्दल होतं, आत्या."

चहा तसाच राहिला. जाताना वाकून नमस्कार केला, एरवी गळ्याला मिठी मारते. मी 'सुखी राहा' म्हटलं. म्हणावंच लागतं.

५ एप्रिल
क्लास. लक्ष नव्हतं, आयएसओ इतका वर की सगळे फोटो खडीसाखरेसारखे दाणेदार. सरांनी विचारलं काय झालं. का कोण जाणे, त्यांना तो फोटो दाखवला. कुणाचा, का, काही सांगितलं नाही. सरांनी चष्मा वर करून पाहिला. "सरस काम छे. आ बे पतंग सरखा छे, बाकी खबर ना पडे." दोन पतंग सारखे, एरवी कळलंही नसतं म्हणे. मग विचारलं, इथे कुणी उभं होतं का, "अहीं कोई ऊभुं हतुं?"

मी म्हटलं, "ना सर, कोई नहीं."

रिक्षात बसल्यावर कळलं मी काय बोलले ते. बाकीच्यांना कशाला नावं ठेवायची मग.

१९ एप्रिल
जमलं. मुलगा पुण्याचा, चांगल्या नोकरीत, वहिनीच्या आवाजात साखर. साखरपुडा बडोद्यालाच, पादरा रोडच्या एका हॉलमध्ये.

दादा स्वतः घरी आला. पेढे घेऊन. आता तरी सांगितलंस का त्यांना माझ्याबद्दल, विचारलं. म्हणे साखरपुडा होऊ दे, मग सांगतो, आता मध्येच सांगितलं तर लपवलं असं वाटेल. मी हसले, दादाही हसला, त्याला वाटलं मिटलं. मग हळूच म्हणाला, फोटो तूच काढ, बाहेरचा माणूस कशाला? घरचं माणूस असलं की बरं.

घरचं माणूस म्हणे! पण कॅमेरा हातात असला की घरच्या माणसाला कुणी विचारत नाही, हे त्यानं बरोबर हेरलंय. फोटो काढणारा फोटोत नसतो. क्लोनचीही गरज नाही.

बघते म्हटलं.

२ मे
मु.चा मेसेज. 'आत्या, ये ना. कॅमेरा घेऊनच ये. म्हणजे तू पूर्ण वेळ माझ्याजवळ राहशील आणि कुणी काही विचारणार नाही.'

दहा वेळा वाचला. प्रेमानंच लिहिलाय. त्याचंच वाईट वाटतं. नुसती कपटी असती तर बॅटरी काढून ठेवली असती आणि पडदे लावून झोपले असते.

बॅटरी चार्जिंगला लावली. उत्तरायणाचीच साडी काढली. इस्त्री करताना म्हटलं, शुभदा, तुला लाज नाही.

३ मे, साखरपुडा
घरी आले. साडी अजून अंगावरच.

सगळे फोटो काढले. मु. इतकी गोड दिसत होती की मध्येच डोळे भरले, फोकस मॅन्युअल असता तर वाट लागली असती. दादानं कुणाशी ओळख करून दिली नाही. आईनं दोनदा हाक मारली, "शुभी, बस गं जरा," तेव्हा वहिनीनं तिला सरबत आणून दिलं.

अंगठ्या झाल्या. मुलाची आई माझ्याजवळ आली. हसरी, मोकळी बाई, जुन्या वळणाची वगैरे मला तरी दिसली नाही. म्हणाली, किती मनापासून काढताय तुम्ही, नाहीतर आजकाल नुसतं ओरडून पोज घ्यायला लावतात. मग मु.कडे वळून सहज विचारलं, "या कोण गं? तुमच्या ओळखीतल्या का?"

दादा लांब होता. वहिनी ओटीचं बघत होती. मध्ये कुणी नव्हतं. मु. आणि मी, हातभर अंतर. मी कॅमेरा खाली घेतला. मला वाटलं, आता. आता ही सांगणार. इतक्या आठवड्यांचा राग मी त्या एका क्षणात सोडून द्यायला तयार होते, एका शब्दावर.

मु. म्हणाली, "फोटो काढतात त्या."

जन्मात मला अहोजाहो केलं नव्हतं पोरीनं.

त्या फोटोवर मी चिडले होते, पण तेव्हा ती माझ्यासमोर नव्हती. एकटी बसून केलं असेल, घाबरून केलं असेल, असं मी स्वतःला समजावत आले. आज माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली. आणि आवाज अजिबात हलला नाही.

मुलाच्या आईला काय कळणार? तिनं मोबाइल काढला. नातवाची मुंज आहे, पुण्याला याल का, नंबर द्या. मी दिला. काय नावानं ठेवू म्हणाली. मी नाव सांगितलं. शुभदा देवस्थळी. माहेरचं, म्हणजे दादाचं, म्हणजे मु.चंही. मी मुद्दाम सांगितलं का? माझं तेवढंच नाव आहे.

टाइप करता करता थांबली. "अगंबाई, देवस्थळीच?" मु.चा चेहरा पांढरा. तेवढ्यात गुरुजींनी मोठ्यांना नमस्काराला बोलावलं, ती "उद्या सकाळी फोन करते, सविस्तर बोलू हं" म्हणत गेली. मी नमस्काराचे फोटो काढले. नीट आलेत.

आल्यापासून दादाचे फोन. घेतले नाहीत. वहिनीचाही एक, तिनं मला शेवटचा फोन कधी केला होता आठवत नाही. मु.चा मेसेज: 'आत्या, उद्या काय सांगणार आहेस तू त्यांना?'

सॉरी नाही. कशी आहेस नाही.

सांगितलं तर लग्न मोडेल असं त्या बाईकडे बघून वाटत नाही. पण मोडलं तर जन्मभर मी मोडलं. नाही सांगितलं तर पुण्याला जाऊन मुंजीचे फोटो काढायचे, बारशाचे काढायचे, आणि मु.च्या पोरांनी मला फोटोवाल्या मावशी म्हणायचं. दादाला वाटतंय मी गप्प बसेन. मु.लाही तेच वाटतंय, नाहीतर तिनं विचारलं नसतं, धावत आली असती.

मेसेजला उत्तर दिलं नाही. उद्याचा फोन मात्र मी उचलणार आहे.