कापडाचे तुकडे कचरा नसल्याबद्दल व वर्गाची खोली परत मिळण्याबद्दल

प्रति,
मा. मालमत्ता अधिकारी,
नगरपालिका कार्यालय.

विषय : सार्वजनिक सभागृहामागील खोलीचे सील काढून हातकामाचा वर्ग पूर्ववत सुरू करू देणेबाबत.
संदर्भ : सदर खोलीच्या दारावर चिकटवलेली आपल्या कार्यालयाची नोटीस.

महोदय,

अर्ज शांतपणे बसून लिहावा हे मला कळते, पण हल्ली एका जागी बसवत नाही. तरी अक्षर वाकडे आल्यास क्षमा असावी.

१. सदर खोलीत मी वस्तीतील लोकांना हातकाम शिकवते. विणकरांकडे हातमागावरून उतरलेल्या कापडाचे तुकडे उरतात, ते मी मागून आणते. त्यात घरोघरच्या फाटक्या चादरी, सायकलच्या जुन्या ट्यूबा आणि धुतलेल्या दुधाच्या पिशव्या यांची भर पडते. कापडाच्या पट्ट्या कापायच्या, त्यांची वेणी घालायची आणि वेणी गोल फिरवत शिवत न्यायची, की चटई होते. ट्यूबांच्या टोपल्या होतात. वर्गाला फी नाही. वस्तू विकल्या जात नाहीत; ज्याने केली त्याने न्यावी.

२. मागील महिन्यात आपले निरीक्षक नाकाला रुमाल लावून आत आले व म्हणाले, "बाई, सार्वजनिक जागेत कचरा साठवता येत नाही." मी म्हणाले, "साहेब, कचरा होता. आता चटई आहे." त्यावर ते म्हणाले, "चटई आहे तर विक्रीचा परवाना दाखवा." मी म्हणाले, "विकत नाही हो आम्ही." "विकत नाही ना? मग कचराच," असे म्हणून त्यांनी सर्वांना बाहेर काढले व दाराला सील ठोकले. अर्ध्या शिवलेल्या चटया आतच राहिल्या.

३. आपल्या कार्यालयात चौकशी केली असता, मालकी सिद्ध केल्यास सामान मिळेल असे सांगण्यात आले. चिंध्यांची मालकी कशी सिद्ध करतात ते मला ठाऊक नव्हते. एका विणकराने भलेपणाने लिहून दिले की चिंध्या माझ्या होत्या, त्या मी बाईंना दिल्या. ते वाचून आपले कारकून म्हणाले, "बघा, चिंध्या असं तुमचाच माणूस म्हणतोय," आणि त्यांनी मला सफाई विभागाकडे धाडले. सफाई विभाग म्हणतो, कचरा आमचा असेल, पण खोली मालमत्ता विभागाची. सबब मी फिरून आपल्याच दारी आले आहे.

४. वर्गात एक निवृत्त बसचालक येतात. सगळे त्यांना ड्रायव्हरकाका म्हणतात. त्यांचा उजवा हात थरथरतो. वेणी घालू लागले की मात्र तो बराच ताळ्यावर येतो. खोली बंद झाल्यावर एका सकाळी ते उघड्या शर्टाने माझ्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, वर्ग नाही तर नाही, एवढी बटणं लावून देता का? सूनबाई कामावर गेलीय." मी लावून दिली. तेव्हापासून माझे चित्त थाऱ्यावर नाही. भाजी चिरता चिरता उठते, दारापर्यंत जाते, परत येते.

५. म्हणून वर्ग घरीच सुरू केला. घर लहान, त्यामुळे निम्मी मंडळी जिन्यात बसू लागली व जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या पायात वेण्या अडकू लागल्या. शेजारी माझी जाऊ राहते. दोन्ही घरे मूळची एकच. मधल्या दाराला तिने पलीकडून कपाट लावले, त्याला बरीच वर्षे झाली. भांडण कशावरून झाले ते आम्हा दोघींनाही आता धड आठवत नाही, आणि आठवते तेवढे अर्जात लिहिण्याजोगे नाही.

परवा वर्ग चालू असताना त्या दारावर पलीकडून थापा पडल्या. आतून जाऊबाईंचा आवाज आला, "कोणीतरी इकडे येऊन हात लावा, कपाट हलत नाही." ड्रायव्हरकाका आणि आणखी दोघी धावल्या. दार उघडले. माझ्याकडे न बघता ती मंडळींना म्हणाली, "जिन्यात काय बसता? इकडे पंखा आहे." मग बराच वेळ पट्ट्या कापत बसली. जाताना मला म्हणाली, "तुझी कात्री बोथट आहे." तोवर इतक्या वर्षांत आमचे झालेले बोलणे ते एवढेच.

६. आता खरी अडचण लिहिते. दोन्ही घरे मिळूनही जागा पुरत नाही. दीर आजारी असतात, त्यांना गलबला सोसत नाही. खोली हवीच. पण खोली मिळाली की कपाट पुन्हा दाराला लागेल, या धास्तीने मी हा अर्ज लिहून लिहून फाडला. शेवटी आज सकाळी धीर करून तिलाच विचारले. ती पट्टी कापता कापता म्हणाली, "तेव्हा अंगात राग होता, म्हणून एकटीनं सरकवलं. आता तेवढा जोर कुठून आणू?"

सबब, खोली उघडून द्यावी. आता उशीर करू नये.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
(सही)
हातकाम शिकवणारी

वरील मजकूर मला मान्य आहे.
(सही)
अर्जदाराची जाऊ

दिनांक : १९ फेब्रुवारी

सोबत : १) विणकराचे पत्र. २) चटईचा नमुना, पाहून परत द्यावा.