येणे वाढते आहे

२६ जुलै, शनिवार
आज आलेला माल: वातीचा कापूस दहा किलो, २,६०० रुपये. हमाली ४०. रविवार कारंज्याच्या बाजारातून घरापर्यंत रिक्षावाला नव्वद मागत होता, म्हणून गोणी मांडीवर घेऊन सिटी बसने आले, १५. पॅकिंगच्या पिशव्या एक किलो, १६०. वळताना बोटांना लावायची राख शकुबाईच्या चुलीतली, फुकट. एकूण २,८१५. डब्यातली रोकड संपली.
पण येणे १८,४००. सगळं त्र्यंबकच्या पुंजारामशेठकडे. त्यांचं देवळाच्या रस्त्याला पूजा साहित्याचं दुकान आहे, माझ्या फुलवाती तिथेच जातात. लेकीने, रूपालीने, मोबाइलवरून नोंदणी करून दिल्यापासून मी ह्याला घरगुती उद्योग म्हणत नाही, कंपनी म्हणते. शकुबाई, रंगूबाई आणि आणखी दोघी वाती वळतात, हिशेब माझ्याकडे.
ह्यांनी अट घातली आहे. कार्तिकात त्रिपुरी पौर्णिमेला वाती सगळ्यात जास्त खपतात. त्या मालाचा कापूस कंपनीने स्वतःच्या पैशांनी घेतला तर कंपनी चालू. घरातला एक रुपया लागला तर बंद. मी लगेच हो म्हटलं. अठरा हजार चारशे बाहेर असताना भ्यायचं कशाला.

४ ऑगस्ट, सोमवार
श्रावणी सोमवार, उपास. शेठचा टेम्पो येऊन माल घेऊन गेला. येणे २७,९००. आठवड्यात साडेनऊ हजारांनी कंपनी वाढली. पैशांचं विचारलं नाही. सोमवारी तोंडातून फक्त महादेवाचं नाव निघावं.
कंबर धरली आहे.

१२ ऑगस्ट, मंगळवार
काल तिसरा सोमवार, त्र्यंबकला फेरीची गर्दी. परवाच आणखी माल गेला होता. येणे ४१,२५०.
एवढे पैसे आमच्या घरात एकरकमी कधी नव्हते. तसे आत्ताही घरात नाहीत, पण आहेत. ह्यांना आकडा वाचून दाखवला. पेपरातून मान वर न काढता म्हणाले, मग त्यातून गॅसचं सिलिंडर आण, कालपासून संपलंय. पेन्शनीत गेलेल्या माणसाला धंद्याची दृष्टी राहत नाही. सिलिंडर भिशीच्या पैशांतून आणलं.
उद्या शेठकडे जायचंच. आज अंगारकी आहे, नाहीतर आजच गेले असते.

१९ ऑगस्ट, मंगळवार
गेले. उद्या उद्या करत आठवडा लागला. घरचं आवरून निघेपर्यंत साडेपाच वाजले. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे ते एक बरं. पोहोचले तर दुकानात नुकता दिवा लावलेला. शेठ हात जोडून म्हणाले, ताई, तिन्हीसांजेला लक्ष्मी घराबाहेर देत नाही हो, तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही देवाधर्माच्या. मला माझीच लाज वाटली. चहा घेतला. माणूस श्रद्धाळू आहे, म्हणजे पैसे बुडायची भीती नाही.
येणे तेच.

२१ ऑगस्ट, गुरुवार
पहिल्या गाडीने गेले. शेठ म्हणाले, अजून बोहनी व्हायची आहे, बोहनीआधी पैसे दिले तर दिवस वाया जातो. बरोबरच आहे. बाकड्यावर बसले. बोहनी झाली, तर गिऱ्हाइकांची रांग लागली. रांग सरली, तर शेठ जेवायला गेले. झोपून उठून आले तेव्हा दिवे लागत होते.
रात्री रूपालीला सांगितलं. ती अंबडच्या एमआयडीसीत एका कंपनीत अकाउंट्सला आहे, तिला वाटतं तिलाच सगळं कळतं. म्हणाली, आई, त्यांच्या दुकानात क्यूआर कोड लावलाय ना, मग लक्ष्मी येताना घड्याळ बघते का. मी म्हटलं, येण्याचं वेगळं असतं. ती म्हणाली, तेच तर, तुझं येणं वेगळंच आहे.
चार वेळा गाडीत चढ-उतर केली. गुडघे सुजले.

१० सप्टेंबर, बुधवार
पितृपंधरवडा सुरू. ह्या दिवसांत पैशांचा विषय काढायचा नाही असं मी ठरवलं होतं, आणि शेठचाच माणूस दारात. आनंदाची गोष्ट. येणे एकदम ८,२०० ने उतरलं! आता ३३,०५०. शेवटी वसुली सुरू झाली.
वसुली तीन पोत्यांतून आली. त्र्यंबकच्या पावसात माल ओला झाला, म्हणून शेठनी परत पाठवला. निरोप होता की एवढी रक्कम वहीतून वजा करा. केली.

१४ सप्टेंबर, रविवार
गच्चीवर वाती वाळत घातल्या. चार वाऱ्यावर गेल्या, बाकीच्यांवर बुरशीचे ठिपके. रूपाली सुट्टीची वर आली आणि शिकवायला लागली. म्हणे, येणं दोन कारणांनी कमी होतं. पैसे आले तर, नाहीतर माल परत आला तर. पहिल्याने आनंद करायचा, दुसऱ्याने नाही. आणि वाढतं तेही, माल गेला म्हणून वाढतं किंवा जुनं कोणी देत नाही म्हणून तुंबतं. तिच्या साहेबांकडे म्हणे कुणाचे किती दिवसांचे अडकले त्याचा तक्ताच असतो. मी म्हटलं, आमच्याकडे एकच गिऱ्हाईक, तक्ता कशाला. ती म्हणाली, तीच तर भीती आहे.
ती खाली गेल्यावर वाती उलट्या केल्या. दुसऱ्या बाजूलाही ठिपके होते.

२२ सप्टेंबर, सोमवार
घटस्थापना. नऊ दिवस चहा सोडला. देवीसाठी, आणि दुधाचे पैसेही वाचतात.
शकुबाई मजुरी मागायला आली. चौघींचे मिळून ५,४०० थकले आहेत. तिला शेजारी बसवून वही दाखवली, समजावलं की आमचं शेठकडे येणं आहे तसं तुझं आमच्याकडे येणं आहे, आणि श्रावणापासून ते चांगलं वाढलंय. तिचं मनापासून अभिनंदन केलं. तिने वही हातात घेऊन उलटसुलट बघितली. मग म्हणाली, ताई, तुम्ही लय शिकलेल्या. आमच्या तिकडं याला उधारी म्हणत्यात. दिवाळीआधी देते असं तिला कबूल केलं.

२ ऑक्टोबर, गुरुवार
दसरा. आज पैसे न देण्याचं काही कारणच नाही, म्हणून मुद्दाम आजच गेले. शेठनी दुकानाबाहेर येऊन स्वागत केलं, माझ्या हातात आपट्याची पानं ठेवली, सोनं घ्या ताई म्हणाले, पायाही पडले. मग पाकीट दिलं. त्यात एकशेएक रुपये. बाकीचं म्हणे दिवाळीत. येणे ३२,९४९.
वसुलीचा श्रीगणेशा झाला, तोही रोखीने. शिवाय कार्तिकाची ऑर्डर दिली, चाळीस हजार वाती. एवढी मोठी ऑर्डर कंपनीला आजवर मिळाली नव्हती. सगळी उधारीवर, पण माणूस पाया पडलाय.
घरी सोनं वाटलं. रूपालीने पान घेतलं आणि वहीत ठेवलं.

९ ऑक्टोबर, गुरुवार
रविवार कारंज्यावर कापूसवाल्याकडे गेले. पंधरा किलो मागितला. शेठची ऑर्डर दाखवली, येणे किती ते दाखवलं. त्याने चष्मा लावून सगळं नीट वाचलं. म्हणाला, हिशेब एकदम स्वच्छ आहे वहिनी, अक्षरही छान आहे, पण कापूस रोखीने.
परत चालत आले. रिकाम्या हाताने येताना ओझं नसतं एवढंच.
शेठचा फोन लागत नाही. वाजतो, उचलत नाहीत. दिवाळीची गर्दी असणार.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
उरलासुरला कापूस काढून ठेवला, पण वाती वळायला कुणी आलं नाही. शकुबाईच्या वस्तीवर जाऊन पाहिलं. अंगणात चौघी बसलेल्या, मध्ये कापसाचा ढीग, सगळ्यांची बोटं चालू. मला पाहून रंगूबाईने पदर डोक्यावर घेतला. शकुबाई उठली, पाणी दिलं, म्हणाली, काल शेठचा टेम्पो आला होता, कापूस टाकून गेला, हजार वातींमागं दर तुमचाच देतो पण शनिवारच्या शनिवारी हातात. रागावू नका ताई, घरात पोरं हायती.
म्हणजे माझ्या पैशांनी त्याने कापूस घेतला. असं रूपाली म्हणते. मी तिला म्हटलं, तसं काही वहीत लिहिता येत नाही.
रागावले नाही. पाणी प्यायले आणि आले.

१८ ऑक्टोबर, शनिवार
धनत्रयोदशी. आजच्या दिवशी घरातून पैसा बाहेर देत नाहीत. दिला. पोस्टातली आवर्ती ठेव काल मोडली होती. चौघींना घरी जाऊन ५,४०० दिले. ठेव मोडते आहे हे ह्यांना आधीच सांगितलं होतं. ते फक्त म्हणाले, ठरल्याप्रमाणे आता बंद ना. मी हो म्हटलं. मग ते स्वतः उठले आणि दाराबाहेरची कंपनीची पाटी काढायला स्टूल घेतलं. खिळा गंजलेला होता, निघेना. मी स्टूल धरून उभी राहिले.
देणे शून्य. येणे ३२,९४९. कागदावर कंपनी ह्याहून चांगल्या स्थितीत कधीच बंद झाली नसती.

२१ ऑक्टोबर, मंगळवार
लक्ष्मीपूजन. वहीची पूजा केली. येणे लिहिलेल्या पानावर कुंकू थोडं जास्त वाहिलं. वाती घरच्या, ठिपक्यांच्या. जळताना तडतडतात.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार
कार्तिक लागला. घर रिकामं वाटतं. दुपारी बोटं आपोआप हलत राहतात. सकाळी शकुबाई भाजीला जाताना भेटली, शेठला त्रिपुरीसाठी बाया कमी पडतायत म्हणाली. दिवसभर विचार केला. तोंडाने सांगवणार नाही, आणि फोन ते उचलत नाहीत. म्हणून पोस्टकार्ड टाकलं. नक्कल इथे उतरवून ठेवते:

श्री. पुंजारामशेठ यांस,
सा. न. वि. वि. दीपावलीच्या शुभेच्छा. आमचे येणे रुपये ३२,९४९ आपल्याकडे सुखरूप आहे, ते सवडीने द्यावे. पत्रास कारण की, आपल्याकडे वाती वळायला आणखी एक बाई हवी असल्याचे समजते. माझा हात स्वच्छ आहे, उपासतापास असले तरी काम चुकत नाही. दर शकुबाईला देता तोच चालेल. कापूस आपला असावा. मजुरी मात्र शनिवारच्या शनिवारी रोख मिळावी, येण्यात धरू नये. सोमवारपासून बसू का, ते कृपया उलट टपाली कळवावे.