ताईची हिरवी फटफटी

३ नोव्हेंबर

चि. ठेंगूस,
अ. उ. आशीर्वाद.

पत्रास कारण की, फटफटी जोडून झाली! हे गेल्यापासून मागच्या पडवीत गोणपाटाखाली पडलेली ह्यांची ती छोटी गाडी आता दोन्ही चाकांवर उभी आहे आणि अशी दिसते की, शेजारीण मीठ मागायच्या निमित्ताने दोनदा येऊन बघून गेली. खेळण्यांच्या कारखान्यात रंगखात्यात जन्म काढला, तो हात अजून गेलेला नाही. टाकीवरची पिवळी रेघ मी पट्टी न लावता ओढली आहे. कुठे थरथरली असेल तर येऊन दाखव.

फक्त सुरू होत नाही. किक मारून मारून माझा गुडघा बोलायला लागला, ती मात्र मौनात.

आता काळजीचं. आमचे चिरंजीव वैतागलेत. त्याचंही चूक नाही, पडवीत पाऊल टाकलं की पान्यावर पडतं आणि घरभर रॉकेलचा वास. त्याच्या ओळखीच्या एका हॉटेलवाल्याला ही गाडी इंजिन काढून भिंतीवर टांगायची आहे. शोभेला म्हणे! महिन्याच्या शेवटच्या रविवारी तो टेम्पो घेऊन येणार. तोवर सुरू झाली तर पुन्हा विषय काढणार नाही, नाहीतर तिला जाऊ द्यायची, असं चिरंजीवांनी सांगितलं आणि मी हो म्हणून बसले. ठेंगू, ह्यांनी ती एक दिवस घरात बसू दिली नाही रे. तिला खिळ्याला टांगलेली मला बघवणार नाही.

तू लिफ्ट दुरुस्त करतोस, यंत्राची नाडी तुला कळते. लवकर लिही. फोन नको, फोनवर तू एकदम दहा गोष्टी सांगतोस आणि मला एकही आठवत नाही.

लोभ आहेच. या महिन्यात जरा जास्त असू दे.
तुझी ताई


८ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. शेजारणीच्या मिठावर मी आणि तुझी भावजय पोटभर हसलो. तुझी रेघ थरथरणार नाही हे मी न बघताच मान्य करतो.

आता कामाचं. प्लग बाहेर काढ, त्याची वायर लावलेलीच ठेव, तो इंजिनच्या उघड्या धातूला टेकव आणि सूनबाईंना किक मारायला सांग. ठिणगी दिसली तर दोष पेट्रोलच्या वाटेत आहे, नाही दिसली तर विजेच्या. सोबत नवा प्लग आणि कंडेन्सर पाठवतो आहे. कंडेन्सर म्हणजे पेरभर लांबीचं ते डबडं. जुन्या गाड्यांत बहुतेक तेच दगा देतं.

आणि सुरू झाली म्हणून लगेच रस्त्यावर धावू नकोस. लायसन्स काढून कपाटात ठेवणारी बाई तू. क्लच कुठला नि ब्रेक कुठला, हे आधी भावजींच्या फोटोसमोर उभं राहून आठव.

भाच्यावर रागावू नकोस, माझ्यावर लोभ ठेव.
तुझा धाकटा, पण उंच भाऊ


१५ नोव्हेंबर

चि. ठेंगूस,
आशीर्वाद, पण रागात.

प्लग बदलला, तुझं डबडं बदललं. सूनबाईने किक मारली, मी डोळ्यांत तेल घालून बघत होते, पण ठिणगीचा पत्ता नाही. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने तर हात न लावताच इंजिन गेलं म्हणून सांगून टाकलं. त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला.

मी कामात कसूर केली असती तर गोष्ट वेगळी. सांगाडा घासून पार उघडा केला, त्यावर रंगाचे तीन हात दिले, प्रत्येक हात उन्हात कडक वाळवला. कुणाची नजर जाणार नाही ती जागासुद्धा सोडली नाही. टाकीखाली कॉइल बसते तिथला पत्रा, कॉइलचे कान, बोल्ट, वॉशर, सगळं सुटं सुटं रंगवून मग बसवलं. आमच्या खात्याचा नियमच होता, खेळणं उलटं केलं तरी कोरा पत्रा दिसता कामा नये.

काल हॉटेलवाल्याने माप मागवलं. चिरंजीवांनी माझ्यादेखत गाडीला टेप लावला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. आता तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

लोभाबरोबर अक्कलही पाठव.
ताई


१९ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न., आणि तोही कोपरापासून!

बाई गं, गाडी मेलेली नाही, तू तिला रंगात पुरली आहेस. वीज कॉइलमधून प्लगला जाते आणि सांगाड्याच्या लोखंडातून परत येते, तेव्हा कुठे ठिणगी पडते. रंगातून वीज जात नाही. तुझ्या तीन हातांनी तिची परतीची वाटच बंद केली! कॉइलच्या कानांवरचा आणि ते टेकतात तिथला रंग लोखंड चकाकेपर्यंत खरवडून काढ. बोल्ट-वॉशरचाही.

मला हसू आवरत नव्हतं, पण तुझ्या भावजयीने दटावलं की ताई रडल्यात आणि तुम्ही दात काढताय. म्हणून सरळ सांगतो, वेळ घालवू नकोस.

रंग खरवड, लोभ आहे तसाच ठेव.
ठेंगू


२३ नोव्हेंबर

चि. ठेंगूस,
आशीर्वाद.

ज्या हाताने जन्मभर एक ओरखडा पुढे जाऊ दिला नाही, त्या हाताने धडधाकट रंग मी खरवडणार नाही. दुसरा उपाय कळव.

ताई


३ डिसेंबर

चि. ठेंगूस,
अनेक, अनेक, अनेक आशीर्वाद.

दुसरा उपाय तू कळवला नाहीस ते बरं केलंस. रविवारी टेम्पो दाराशी लागला तरी मी हट्ट सोडला नव्हता. हॉटेलवाला गाडीभोवती फिरला आणि त्याने रंगाची तोंड भरून तारीफ केली. म्हणाला, एवढ्या देखण्या वस्तूला पेट्रोल कशाला पाजायचं, भिंतीवर ती कायम अशीच राहील. ठेंगू, त्याला हवं होतं ते शोभेचं खेळणं मीच तर तयार करून ठेवलं होतं!

त्याला चहा दिला, सूनबाईला टाकी उतरवायला लावलं आणि ब्लेड घेतलं. पहिला ओरखडा काळजावर उमटला, खोटं कशाला सांगू. मग हात सैल झाला.

टाकी परत चढवली. दोन किका फुकट गेल्या. तिसरीला जो दणका झाला, त्याने हॉटेलवाल्याच्या हातातला कप हिंदकळला. धूर असा की दोरीवरच्या चादरी सगळ्या पुन्हा धुवाव्या लागल्या. सूनबाई नाचायला लागली. चिरंजीवांनी बाहीला डोळे पुसले आणि डोळ्यांत धूर गेल्याचं सांगितलं. मग म्हणाला की, बाबा आले की असाच आवाज यायचा. टेम्पो त्यानेच परत पाठवला.

तेव्हापासून रोज काढते. क्लच आठवला, ब्रेकही आठवला. फाटकाला घासून टाकीवर एक टवका उडाला आहे, तो मी रंगवलेला नाही.

पाकिटावर तिकीट नाही म्हणून पोस्टाला नावं ठेवू नकोस. हे पत्र मी आपल्या दोन गावांमधल्या घाटाच्या माथ्यावर, इंजिन गार होईतो दगडावर बसून लिहिते आहे. सगळा चढ पहिल्या गिअरमध्ये चढली रे, कुठे कुरकुर नाही! मागच्या वळणावर चिरंजीव आणि सूनबाई स्कूटर थांबवून उभे आहेत. त्यांना वाटतं ते मला दिसत नाहीत.

आता उतारच आहे. आवाज ऐकून तू बाहेर आला नाहीस, तर हे दाराच्या फटीतून आत सरकवीन. वाचलंस की तसाच अनवाणी ये. लोभाचं समोरासमोर बोलू. तुझ्या दाराशी मी इंजिन बंद करणार नाही.

तुझी ताई